अप्पांचा उजवा पाय

शहागडचा पूल ओलांडला
आणि ऐंशीचा आकडा लावून मी पाय काढून घेतला.
गाडी आपली आपण चालत राहिली,
कापसाच्या ट्रकमागे,
नवी सून सासऱ्यामागे चालते तशी,
ना खेटून, ना फार मागं.

डाव्या सीटवर मन्मथअप्पा, माझे वडील.
अहमदपूर आगार, एकतीस वर्षं,
निवृत्तीच्या दिवशीही हातावर डिझेलचा वास.
"पाय कुठंय तुझा?"
"मोकळा आहे, अप्पा."
"मोकळा कामून?"

सांगितलं. पुढच्या जाळीत रडार आहे,
पुढचा हळू झाला की ही हळू होते,
तो सुटला की ही सुटते.
पडद्यावर चार रेघा असतात मधल्या अंतराच्या,
मी दोन ठेवल्यात.
अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून रेघा पाहिल्या.
"चार हाईत तर दोनच कामून?
जास्तीच्याला पैसे पडतात का?"
"चार ठेवल्या की मधी कुणीही घुसतं."
"घुसू दे की.
घुसणारा पुढं जातो.
आपल्याला घरी जायचंय."

गेवराई गेली. उलट्या अंगानं एक मोटरसायकल आली,
वर तिघं, आणि मधल्याच्या मांडीवर सिलेंडर.
पडद्यावर काहीच उमटलं नाही.
स्टेअरिंग मीच वळवलं.
अप्पा काही बोलले नाहीत.
पण तेव्हा पहिल्यांदा पाहिला मी त्यांचा उजवा पाय,
चटईवर दाबून धरलेला,
टाच टेकलेली, चवडा ताठ,
जिथं ब्रेक नाही तिथं
ब्रेक मारणारा.

मांजरसुंब्याच्या घाटाआधी
मी ते सगळं बंद केलं.
वळणावर पुढची गाडी हिच्या नजरेतून सुटते,
हे मला पुस्तिकेत वाचून कळलं होतं.
अप्पांना वाचावं लागलं नव्हतं.

नेकनूर सोडलं तेव्हा दिवस बुडत होता.
पुन्हा ऐंशी, पुन्हा दोन रेघा,
पुढे एक टेम्पो, मागच्या फळ्यावर
"आईचा आशीर्वाद", त्यातला आ पुसलेला.
टेम्पोनं एकदम अंग काढलं उजवीकडं.
पुढं मोकळं झालं,
म्हणजे हिला तसं वाटलं,
आणि इंजिनानं श्वास भरून घेतला.

मोकळं नव्हतं.
उसाची ट्रॉली उभी होती,
टायर बसलेला, दिवा नाही, लाल पट्टी नाही,
मागं चार दगड आणि बाभळीचा एक फाटा.

धप्प.
चटईवर अप्पांचा पाय
की ब्रेकवर माझा, आधी कुठला,
मला आजही सांगता येत नाही.
थांबलो तेव्हा उसाची वाढं
बॉनेटपासून हातभर लांब हलत होती.

कुणीच कुणाला काही म्हणालं नाही.
अप्पा उतरले, डिकी उघडली,
तीन वर्षं प्लॅस्टिकात बांधून ठेवलेला
लाल त्रिकोण काढला
आणि पावलं मोजत मागं गेले,
मोठ्यानं, तिकिटं मोजावीत तशी,
अट्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास.
ट्रॉलीवाला पोरगा मोबाईलची बत्ती धरून उभा,
त्याला म्हणाले, "हे तुझ्याजवळच ठिव. टायर झाल्यावरबी."

मग येऊन धोतराच्या सोग्यानं
गाडीच्या नाकावरचा चिखल पुसला,
चिलटं पुसली, पुन्हा एकदा पुसलं,
रात्रपाळीला निघताना
एसटीची काच पुसायचे तसं.
आत बसले. पट्टा लावला.
"हिचे डोळे पुसलेत," म्हणाले,
"तुझे तू बघ."

केज येईस्तोवर मीच चालवली.
पुढं रस्ता सरळ लागला, तेव्हा पुन्हा लावलं,
सत्तर.
रेघा चार.
पाय ब्रेकच्या वर, न दाबता,
तव्यावर हात धरून ताव बघतात तसा.

युसुफवडगावच्या फाट्याजवळ
एक जीप हॉर्न वाजवत आमच्या मधी शिरली.
गाडी मुकाट्यानं मागं सरली.
अप्पांनी माझ्याकडं पाहिलं.

"घुसू दे," मी म्हटलं.
आणि चटईवरचा पाय
त्यांनी हळूच उचलून
दुसऱ्या पायावर ठेवला.